बिनआवाजाची गाडी

“आवाज न्हाय तर गाडी कसली वो ती, मास्तर? त्यापेक्षा म्हस बरी. निदान हंबरती तरी.”

गुळाच्या अडतीवरचे शेठ हे म्हणाले तेव्हा गाडी कळंब्याच्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये रडत होती आणि मी मागच्या सीटवर, खिडकीच्या काचेला डोकं टेकून, अर्धवट झोपेत होते. मास्तर म्हणजे माझे पप्पा. त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. राजारामपुरीतल्या एका गल्लीत एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, मागं आमच्या दोन खोल्या आणि दारात ती एकच पांढरी गाडी, जिला डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होते. पप्पा शेठकडं न बघता म्हणाले, “म्हस ऱ्हाऊ दे. तिसरा टाका. गाडी कवापास्नं मागाय लागलीया.” शेठनी तिसरा टाकला. इंजिनाचा रडका सूर खाली उतरला, रडणाऱ्या मुलाच्या पाठीवरून कुणी हात फिरवावा तसा, आणि मी पुन्हा झोपेत शिरले.

माझं बरंचसं लहानपण त्या मागच्या सीटवर गेलं. माझी इंग्रजी माध्यमाची शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. पप्पांचं म्हणणं असं, की शिकणाऱ्याला कुठंतरी पोचायचं असलं की तो नीट चालवतो, नुसतं गोल फिरवलं की त्याचं लक्ष उडतं. म्हणून दुपारचा विद्यार्थी मला आणायला शाळेवर यायचा. कधी बँकेतले कारकून, कधी डॉक्टरांची बायको, कधी गडमुडशिंगीचा एखादा दूधवाला. रोज एक वेगळा घाबरलेला माणूस मला घरी घेऊन यायचा. पहिल्या दोन चौकांत ते माझ्याशी बोलायचा प्रयत्न करत, मग विसरून जात. विसरलं जाण्यात मी पटाईत होते. शाळेत माझं इंग्रजी कोल्हापुरी हेल काढून बाहेर यायचं आणि मुली हसायच्या. घरी माझं मराठी पुस्तकातल्यासारखं यायचं आणि चुलत बहिणी हसायच्या. या दोन्हींच्या मध्ये गप्प बसणं सोयीचं होतं. पुढं कॉलेजात गेले, बस मिळत होती, तरी दुपारी त्याच सीटवर जाऊन बसायची सवय सुटली नाही. ऊन काचेतून मांडीवर यायचं, रंकाळ्याच्या बाजूनं वारा आला की त्याला पाण्याचा आणि भाजलेल्या कणसांचा वास असायचा, आणि पुढं कुणीतरी गाड्यांबद्दल काहीतरी ठामपणे सांगत असायचं.

गाडीबद्दल मत नसलेला माणूस मी कोल्हापुरात पाहिला नाही. ज्याला अजून क्लच सुटत नव्हता त्यालाही मत होतं. गाडी घ्यायची तर पांढरीच, विकताना किंमत येते. डिझेलची गाडी म्हणजे घरात ट्रक बांधल्यासारखं. उताराला इंजिन बंद करून न्यूट्रलवर सोडायची, तेवढंच पेट्रोल वाचतं. बेल्ट लावायचा तो फक्त पोलीस दिसल्यावर. वळणावर हॉर्न मारायचा म्हणजे समोरच्याला रामराम घातल्यासारखं, नाही मारला तर राग येतो. बायकांनी चालवावी, पण बाजारपेठेत नको. हे शेवटचं डॉक्टरांची बायको स्वतः म्हणाली होती, भर बाजारपेठेतून गाडी काढताना, एकदाही न अडखळता. ही मतं माझ्या झोपेत रेडिओसारखी चालू असत. आजही लग्नकार्यात चार पुरुष उभे राहिले की हेच कानावर येतं. फक्त ‘किती ॲव्हरेज देती?’च्या जागी ‘चार्जिंग किती वेळ?’ आलं आहे. आवाजातला ठामपणा तोच.

पप्पांची मतं कमी होती. मत नव्हे, नियमच म्हणायचे ते. गिअर डोळ्यानं टाकायचा नसतो, कानानं टाकायचा, हा पहिला. आणि दुसरा, सीटवर बसलं की आधी ॲक्सिलरेटर दोनदा पूर्ण दाबायचा, म्हणजे पेट्रोल वर चढतं, मगच किल्ली फिरवायची. गावात कुणी गाडीत बसून हापशासारखा दोनदा पाय मारला, की ओळखावं, हा मास्तरांचा विद्यार्थी. पप्पा स्वतः तर बंद गाडीत नुसतं बोलत बसायला शिरले तरी त्यांचा पाय दोनदा खाली जायचा. बसताना काही माणसं पायजमा सावरतात, तसं.

गिअर कानानं टाका म्हणणाऱ्या माझ्या वडलांना ऐकू येत नाही, हे मला कोणत्या दिवशी कळलं ते सांगता येणार नाही. तसा एक दिवस नव्हताच. लग्नाआधी त्यांनी दहा वर्षं उद्यमनगरात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर काढली होती. आधी लक्षात आलं की गाडीत बसल्यावर ते उजव्या पायातली चप्पल काढतात आणि अनवाणी तळवा गाडीच्या पत्र्यावर टेकवतात. मग लक्षात आलं की गाडी दुसरा चालवत असला तरी त्यांची दोन बोटं गिअरच्या मुठीवर हलकी टेकलेली असतात, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखी. विद्यार्थ्यांना वाटे, मास्तर कडक आहेत. मी मागून बघत होते. मागून सायकलची घंटी वाजायची आणि त्यांची मान हलायची नाही. ट्रकचा भोंगा मात्र पोचायचा, पुरुषांचे जाड आवाज पोचायचे. आमच्या गावात माणसं इतक्या मोठ्यानं बोलतात की पप्पांचं सहज निभावून जात होतं. शहर जरा हळू बोलणारं असतं तर त्यांचं गुपित वर्षभरही टिकलं नसतं.

जे पोचत नव्हतं ते बारीक आवाज. कुकरची शिट्टी, फोनची घंटी, चिमण्या. आणि मी. लहानपणी मी त्यांना काही सांगायचे आणि ते समोर बघत राहायचे. मला वाटायचं, माझं बोलणं उत्तर देण्यासारखं नसावं. त्या वाटण्यातून माझा आवाज आणखी बारीक होत गेला. सतरा-अठराव्या वर्षी त्यांचा तळवा पत्र्यावर टेकलेला बघताना हे सगळं एकदम उलगडलं. त्या दुपारी मला दुःख झालं असेल असं आता वाटतं, पण आठवतो तो फक्त हलकेपणा. ते माझ्याकडं दुर्लक्ष करत नव्हते. आईला हे कधीच कळलं नाही, कारण तिच्याकडं तयार उत्तर होतं. भाकरीवर काकवी ओतत ती म्हणायची, “ह्यांच्या कानात माझं बोलणं शिरलंय कवा? लगीन झाल्यापास्नं असंच हाय.” मग टीव्हीचा आवाज आणखी वाढायचा आणि पप्पा काकवीत बोट बुडवून, “व्हय, व्हय,” म्हणायचे, कशालाही.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर दारातली गाडी जाईल, एवढं मला कळत होतं. ऐकू न येणाऱ्या मास्तरकडं शिकायला कोण येईल? आणि ते चांगलं शिकवत होते. तळव्यानं ऐकत होते, पण कुणाहीपेक्षा आधी ऐकत होते.

शेठनी म्हशीशी जिची तुलना केली ती गाडी इराण्णाकाकांची. काका मूळचे नेसरीकडचे. उद्यमनगरात त्यांचं पंपांचे सुटे भाग करण्याचं छोटं वर्कशॉप होतं. पप्पांबरोबर त्याच प्रेसवर ते कामाला होते, आणि गाडी चालवायला पप्पांकडूनच शिकले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे आणि त्यावर दुपारपर्यंत एक ग्रीसचा पट्टा. सीमेकडच्या रीतीनं ते मला लहानपणापासून ‘अव्वा’ म्हणत, म्हणजे आई. त्यांनी एक जुनी गाडी विकत घेतली, तिचं इंजिन काढून टाकलं, एका गोदामातली माल उचलायच्या यंत्राची विजेची मोटर बसवली आणि डिकीत ट्रकच्या आठ बॅटऱ्या रचल्या. सगळं उद्यमनगर बघायला आलं. “लाईट गेली की काय करायचं, इराण्णा? कंदील लावायचा?” “घाटात बंद पडली तर सेल बदलाय खाली उतरायचं व्हय?” “पावसात शॉक बसंल की वो!” काका चिडत नसत. हात पुसत म्हणत, “बसू दे की. तुमची झोप तरी उडंल.”

एका रविवारी त्यांनी मला आणि पप्पांना तीत बसवून फिरवलं. ती सकाळ मला अजून स्वप्नासारखी आठवते. गाडी निघाली हे कळलंच नाही, वर्कशॉपचं दार मागं सरकायला लागलं तेव्हा कळलं. रस्त्यावर आल्यावर मला पहिल्यांदा गाडीत बसून गाव ऐकू आलं. कुणाच्या तरी घरातली भांडी, शाळेच्या मैदानातला चेंडू, एका दारात पाट्यावर चाललेला वरवंटा, चाकाखाली चुरडणारं वाळकं पान. झोपेत तरंगत गेल्यासारखं वाटत होतं. पुढं पप्पांनी चप्पल काढून तळवा पत्र्यावर टेकवला होता, आणि तो पुन्हा पुन्हा जागा बदलत होता, अंधारात स्विच शोधणाऱ्या हातासारखा. त्या पत्र्यात त्यांच्यासाठी काहीच नव्हतं. उतरल्यावर ते म्हणाले, “झ्याक हाय. पण माझं काय काम न्हाय हिच्यात.” काका खूश झाले. त्यांना वाटलं, गाडीची स्तुती झाली.

गाडी चालू आहे की बंद हे कळत नाही, म्हणून काकांनी एक युक्ती केली. डॅशबोर्डखाली एक बझर बसवला. किल्ली चालू आणि गाडी उभी असली की तो बारीक आवाजात वाजत राहायचा, डासासारखा, आणि चाकं फिरली की बंद व्हायचा. “बझर वाजत आसंल तर गाडी चालू हाय. निघायचं नसंल तर पाय लावायचा न्हाय,” हे त्यांनी सगळ्यांना दोन-दोनदा बजावलं. पप्पांनाही. पप्पा म्हणाले, “व्हय, व्हय.”

मग पूजा ठरली. आमच्याकडं नवी गाडी लिंबांवरून गेल्याशिवाय गाडी होत नाही. वर्कशॉपच्या अंगणात गाडीला झेंडूची माळ, चार चाकांखाली चार लिंबं. काकांची बायको, जिला सगळे अक्का म्हणत, पहाटेपासून हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजवत होती. गूळ, खोबरं, वेलदोडा, असा वास की शेजारच्या प्रेसवरचे कामगार काम थांबवून भिंतीवरून डोकावत होते. दिवे लावून दाखवा, असं पूजा सांगायला आलेले अय्या म्हणाले म्हणून काकांनी आत हात घालून किल्ली फिरवली, दिवे लावले, मग नारळ फोडायला गेले. पूजेनंतर पहिल्यांदा गाडी मास्तरांनीच काढायची, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी नेहमीच्या सवयीनं मागच्या सीटवर जाऊन बसले होते. माणसं पलीकडं द्रोण घेऊन उभी राहून मोठमोठ्यानं बोलत होती. आत फक्त मी, माळेतल्या झेंडूचा कडवट वास, आणि बझर. बारीक, एकसारखा.

पप्पा येऊन बसले. दार लावलं. अक्का बॉनेटवर राहिलेलं कुंकू लावायला पुढं वाकली होती. पप्पांनी बझर ऐकला असेल असं मला वाटलं नाही. मला पक्कं माहीत होतं की त्यांनी ऐकला नाही. त्यांचा गुडघा वर आला, आणि तोंड उघडायला मला पुरेसा वेळ होता. मी तो मोजला आहे, नंतर, पुष्कळ वेळा. माझ्या तोंडून काही आलं नाही. त्यांनी सवयीनं दोनदा पाय मारला.

गाडी आवाज न करता उसळली. लिंबं चिरडली, अक्का बाजूला फेकली गेली, आणि गाडी पाण्याच्या हौदावर आदळून थांबली. अक्काचं मनगट मोडलं. तिचा हात धरून तिला उठवलं तेव्हा तिनं पहिल्यांदा विचारलं ते हुग्गी सांडली का. त्या गलक्यात काकांनी खिडकीतून हात घालून, किल्ली चालू होती की बंद हे न बघताच, ती ओढून काढली. पप्पा स्टेअरिंग धरून बसले होते, पांढरेफटक. “मी किल्लीला हात लावला न्हाय, इराण्णा,” ते म्हणाले. “बझर वाजला न्हाय. आपोआप उसळली.” ते खोटं बोलत नव्हते. हेच सगळ्यात वाईट होतं. त्या अंगणात कुणीच खोटं बोलत नव्हतं.

आपण दिवे दाखवून किल्ली बंद केली होती की नाही, हे काकांना आठवेना. पण मास्तरांचा शब्द त्यांना आपल्या आठवणीपेक्षा मोठा वाटला. बझर वाजला नाही आणि तरी गाडी पळाली, म्हणजे वीज भलत्या वाटेनं मोटरमध्ये शिरली. ती वाट सापडली पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून ते गाडी खोलायला लागले. गावानं तर निकाल लावूनच टाकला. “बॅटरीचा काय भरवसा? मनात आलं की पळती.” “बैलाला निदान कासरा तरी असतो.” गुळाचे शेठ मुद्दाम बघून आले आणि आमच्या गाडीत बसून तीन दिवस तेच सांगत राहिले. एके दिवशी शेठ उतरून गेल्यावर पप्पांनी आरशात माझ्याकडं बघितलं. कितीतरी वर्षांत त्यांनी मला सरळ काही विचारलं नव्हतं.

“तू मागं हुतीस न्हवं, बाळ? बझर वाजला न्हाय. व्हय ना?”

मी मान हलवली, नाही वाजला अशी. त्यांनी सुस्कारा सोडला, आणि त्यांचे खांदे खाली आले. मग मला कळलं, की त्यांनाही शंका होती, आणि ती त्यांनी माझ्याजवळ तपासून घेतली होती. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. मी बोलत नव्हते, म्हणूनच असेल.

आठवड्यानं आम्ही अक्काला बघायला गेलो. आईनं डब्यात भाकरी आणि शेंगांची चटणी दिली होती, कारण अक्काचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये. “बगा की, मलाच चार्जिंगला लावलंय,” असं म्हणून ती हसली, मग आवाज खाली आणून मला म्हणाली, “तुझ्या काकास्नी समजाव बाई. जेवत न्हाईत.” अंगणात गाडी उभी होती, दारं काढलेली, सीटा काढलेल्या. सगळ्या वायरी फरशीवर ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी. काकांनी त्यांतली प्रत्येक तपासली होती, आणि एकीतही दोष नव्हता. त्यांच्या कपाळावर त्या दिवशी विभूती नव्हती.

“सापडत न्हाय, मास्तर,” ते म्हणाले. “न सापडणारा दोष लई वाईट. उद्या कुणाचा जीव घील. मोटर काढून भंगारात घालतो. धरू लागा जरा.”

पप्पा बॉनेटमध्ये वाकले, पाना घेतला आणि मोटरचा पहिला बोल्ट फिरवायला लागले. काका पलीकडून मोटरला हात लावून उभे होते, आजारी जनावराला लावतात तसा. हे लिहिताना माझी पंचेचाळिशी उलटली आहे. खाली रस्त्यावरून विजेच्या गाड्या जातात आणि मी मान वर करत नाही. पण पाना फिरायचा तो आवाज, कर्र, थांबणं, पुन्हा कर्र, अजून तसाच कानात आहे. पहिला बोल्ट निघाला. पप्पांनी तो डबीत टाकला. दुसऱ्याला पाना लावला. राजारामपुरीतली ती गल्ली, दारातली गाडी, भिंतीवरचा तक्ता, आईचं काकवीचं भांडं, सगळं माझ्यासमोरून एकदा गेलं. आणि वायरींच्या त्या चिठ्ठ्या, काकांच्या तिरक्या अक्षरातल्या.

“काका, काढू नका,” मी म्हणाले. “बझर वाजत होता.”

काकांनी झटकन वर बघितलं. दारात अक्कानं वर बघितलं. पप्पा माझ्याकडं पाठ करून दुसरा बोल्ट फिरवत राहिले. कर्र, थांबणं, कर्र. काका माझ्याकडं बघत होते, मग त्यांनी पप्पांच्या पाठीकडं बघितलं, आणि बघतच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उमटायला लागलं. तिथंच मी थांबले असते तरी चाललं असतं. बाकीचं त्यांना कळलं होतं. पण मग ते पप्पांच्या पाठीमागं कळलं असतं, आणि त्यांच्या पाठीमागं मी पुष्कळ वर्षं बसले होते.

मी वायरींवरून पाय उचलत गाडीला वळसा घातला आणि त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. माझी सावली बोल्टवर पडली तशी त्यांनी मान वर केली. मी त्यांच्या हातातला पाना धरला, आणि शेजारच्या प्रेसवरही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

“पप्पा, बझर वाजत होता. मी ऐकला. तुम्हाला ऐकू येत नाही.”